खान्देशच्या पडद्यावर

वैशाखातली रात्र, साल 1954. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात तुम्ही वाळूवर मांडी घालून बसला आहात. सखाराम महाराजांची यात्रा भरली आहे. पलीकडे पाळणे आणि रेवड्या-फुटाण्यांची दुकानं, इकडे कनातीच्या आत टूरिंग टॉकीजचा पडदा. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. इंजिनाची धडधड मधूनच संवाद गिळून टाकते. शेजारचा माणूस सरकून जागा करून देतो, ‘आठे बठा, भाऊ.’

पडद्यावर आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आहे. तुम्ही पुढच्या काळातून आलात, डोळ्यांना वेगाची सवय झालेली, म्हणून सुरुवात जड जाते. माणसं रंगभूमीवर बोलावीत तशी बोलतात, प्रत्येक प्रसंग सावकाश शेवटाला नेतात. मग वनमालाबाई येतात. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला शिंपटीने झोडपून विहिरीवर पाठवणारी ही आई नुसती गोड नाही. तिच्या रागाला धार आहे, आणि मागाहून वळांवर फिरणाऱ्या तिच्या हाताला त्या रागामुळेच वजन येतं. पात्रात एवढी माणसं बसली आहेत, पण आता इंजिनाशिवाय काही ऐकू येत नाही.

शेजारच्या माणसाला गुरुजींनी शिकवलं आहे. 1924 पासून सहा वर्षं साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ दैनिक हाताने लिहून काढत. त्यांना जाऊन चार वर्षं होत आली. गोष्ट कोकणातली, पालगडची. समुद्र न पाहिलेली ही माणसं मात्र आपल्या मास्तरांची आई बघायला आली आहेत. पाच महिन्यांनी दिल्लीत या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळेल. शेजाऱ्याला ते सांगावंसं वाटतं, पण तो उपरण्याने डोळे पुसतो आहे. राहू द्या.

सात वर्षं पुढे या, जळगावला. टॉकीजमध्ये अनंत माने यांचा ‘मानिनी’ लागला आहे, जयश्री गडकर त्यात आहेत. गाणं सुरू होतं आणि मागच्या रांगेतल्या आसोद्याच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसतात. शब्द बहिणाबाईंचे आहेत. शेतात आणि जात्यावर त्या ओव्या म्हणत गेल्या, 1951 मध्ये वारल्या, आणि पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांची गाणी पुस्तकात आली. आता वसंत पवारांच्या चालीवर ती जळगावच्या थेटरात परत आली आहेत. गाणं संपलं की पात्रं पुन्हा पुस्तकी मराठीत बोलू लागतात. तुम्हाला हे खटकतं, आणि खटकायलाच हवं. खान्देशी बोलीला पडद्यावर गाण्यापुरती जागा मिळाली. भांडायला, भाव करायला, लग्न ठरवायला ती चालली नाही.

तरी या मातीने सिनेमाला दिलं पुष्कळ. 1977 चा ‘जैत रे जैत’ घ्या. कथा ठाकरांची, कादंबरी गो. नी. दांडेकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. पण त्यातली गाणी ना. धों. महानोरांची, म्हणजे अजिंठ्याच्या पायथ्याशी पळसखेड्याला शेती करणाऱ्या आणि जळगावात शिकलेल्या माणसाची. आणि चिंधी झालेली स्मिता पाटील शिरपूरच्या घरातली. जुन्या मराठी सिनेमांतला हा तुमचा सर्वांत आवडता. त्यात गाणी गोष्ट थांबवत नाहीत, गोष्टच गाण्यांतून चालते.

आता धुळं, 1982. ‘उंबरठा’चा खेळ आहे. बाल्कनीत कॉलेजच्या मुली, खाली बरेचसे बाप्ये. स्मिताचे वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक, पुढे मंत्री. तालुक्यात त्यांना ओळखत नाही असं घर नाही. त्यामुळे दिवा विझेपर्यंत चर्चा एकच, ‘आपल्या शिवाजीरावांची पोर.’ दिवा विझतो आणि ती पोर सुलभा महाजन होते. चांगलं घर, वकील नवरा, लहान मुलगी, सगळं असताना ती आश्रमाची अधीक्षक म्हणून दुसऱ्या गावी नोकरीला जाते. तिथला सडलेला कारभार पाहते, हरते, परत येते. नवऱ्याच्या आयुष्यात तोवर दुसरी बाई आलेली आहे. सुलभा पुन्हा घर सोडते.

मध्यंतरात खाली चहाच्या टपरीवर गलका होतो. एक काका म्हणतात, बाईने मुलीला सोडून जायला नको होतं. दुसरे गप्प राहतात. तुम्ही मुलींचं ऐका; त्या नवऱ्याबद्दल बोलत नाहीत, आश्रमातल्या बायकांबद्दल बोलत आहेत. तुम्ही हा सिनेमा पुढे टीव्हीवर पाहिला असेल, फोनवरही पाहिला असेल, पण स्मिताचा चेहरा मोठ्या पडद्यावरच बघायला हवा. ती काही न करता नुसती ऐकत असते तेव्हाही तिथे एवढं काही घडत असतं. तेंडुलकरांचे संवाद नेमके आहेत, आणि तरी तिच्या गप्प राहण्यासमोर ते कमी पडतात. चार वर्षांनी, 13 डिसेंबर 1986 ला, ती जाईल. वय 31. शेजारी शेंगदाणे सोलत बसलेल्या मुलीला हे माहीत नाही.

त्याच धुळ्यात 1991 ला उतरा. टॉकीजच्या आवारात ट्रॅक्टर उभे आहेत, ट्रॉल्यांतून बायका उतरत आहेत. पदरात भाकरी बांधलेल्या, कडेवर लेकरं. ‘माहेरची साडी’. अलका कुबल सोसते आहे, सासू छळते आहे आणि सगळं थेटर रडतं आहे. सिनेमा तुम्हाला आवडत नाही. सोसण्याला त्याने सोन्याचा मुलामा दिला, असं तुमचं ठाम मत आहे. सुलभा उंबरठा ओलांडून गेल्यावर नऊ वर्षांनी मराठी सिनेमाने बाईला पुन्हा उंबरठ्याच्या आत नेऊन बसवलं, आणि गल्ल्यावर पैसा याच सिनेमाने ओतला. पण ट्रॉलीतून आलेल्या त्या बाईकडेही बघा. घरातलं कोणी मेल्याशिवाय तिला मोठ्याने रडायची मुभा नाही. इथे तीन तास अंधार आहे आणि कोणी विचारत नाही. हे समजून घेतल्याशिवाय या सिनेमावर बोलू नये.

यानंतरचा टप्पा धुळ्याहून आग्रा रोडने, मालेगावला. नव्या शतकाची सुरुवात, शुक्रवार, यंत्रमाग बंद. व्हिडिओ पार्लरमध्ये बाकावर दाटीवाटीने बसून लोक ‘मालेगाव के शोले’ बघत आहेत. पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनीच तो व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढला आहे. या मंडळींना क्रेन हवी तर बैलगाडी आहे, ट्रॉली हवी तर सायकल. पात्रं मालेगावात बोलतात तशीच बोलतात. हशा उसळतो तो विनोदापेक्षा ओळखीचा जास्त. याच मुलांवर फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, त्यातला सुपरमॅन म्हणजे मागावर काम करणारा शेख शफीक. आणि पुढे रीमा कागती यांनी 2024 मध्ये ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ केला. तो छान बांधलेला, मन लावून केलेला सिनेमा आहे. तरी निवडायचं झालं तर तुम्ही माहितीपट निवडता, कारण शफीकचं हडकुळं शरीर आणि ते हसू कुठल्याही नटाला आणता येणार नाही.

आणि 2023, जळगावचा मल्टिप्लेक्स. जुलैत गॉगल लावून, सारख्या साड्या नेसून ‘बाईपण भारी देवा’ला बायकांचे घोळके येतात, ट्रॉलीतून उतरलेल्या बायकांच्या या लेकी-सुना. त्या हसतात, थेटरात नाचतात, बाहेर फोटो काढतात. सिनेमा शेवटाकडे फार गोड होतो, पण या घोळक्यांचं तुम्हाला मनापासून बरं वाटतं. नोव्हेंबरात सुजय डहाके यांची नवी ‘श्यामची आई’ येते, मुद्दाम कृष्णधवल. ओम भूतकर यांचे गुरुजी संयत आहेत, चित्रचौकटी सुंदर आहेत, वनमालाबाईंपेक्षा ही आई हळुवार आहे. तुम्हाला जुनीच जास्त भिडते. ती जुनी आहे म्हणून नव्हे. ही नवी स्वतःच्या देखणेपणाची काळजी घेत राहते आणि तिथे राग पातळ होतो.

शो सुटल्यावर पार्किंगमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर अहिराणी गाणं वाजतं. ‘झुमकावाली पोर’, ज्यावर अख्ख्या महाराष्ट्रातल्या वराती नाचल्या. यूट्यूबवर अहिराणी कोट्यवधींनी ऐकली जाते. पूर्वी आपलं कोण बघणार, ही सबब होती. आता ती उरलेली नाही. तुम्हाला हवा आहे तो वरातीचा ठेका संपल्यानंतरचा सिनेमा. केळीच्या बागेत मजुरीला जाणारी बाई, कापसाचा भाव पडल्यावर घरात बसून राहिलेला बाप, सुरतेला गेलेला पोरगा, आणि त्यांची भांडणं, त्यांचे हिशेब, त्यांची प्रेमपत्रं पहिल्यापासून शेवटपर्यंत अहिराणीत. सबटायटल पुण्यासाठी द्या. जळगाव-धुळ्यात त्याचं पहिल्या दिवसाचं तिकीट काढायला तुम्ही रांगेत उभे राहाल, ब्लॅकनेही घ्याल.