मतदानाचे वय (भारत)

मतदार यादीत नाव येण्यासाठी पूर्ण असावे लागणारे किमान वय. राज्यघटनेच्या अनुच्छेद 326 नुसार ते आरंभी 21 वर्षे होते. 61 व्या घटनादुरुस्तीने 28 मार्च 1989 पासून ते 18 झाले.

ब्रिटिश अमदानीत मताचा हक्क मालमत्ता, कर व शिक्षण पाहून मिळे. या अटी स्वतंत्र भारताने काढून टाकल्या आणि 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे 17 कोटी 30 लाख मतदार नोंदले गेले. अठरा ते वीस वयाची मुले-मुली मात्र बाहेरच राहिली. हा त्यांच्यावर अन्यायच होता, कारण राजकारणाची झळ त्यांनी केव्हाच सोसली होती. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सवंगडी हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

ही विसंगती ठळकपणे दिसली ती गुजरातच्या नवनिर्माण आंदोलनात. डिसेंबर 1973 मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात मेसचे बिल वाढले आणि मुले बिथरली. धान्य-तेलाच्या महागाईने गांजलेली शहरे त्यांच्या मागे उभी राहिली. 9 फेब्रुवारी 1974 रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांनी राजीनामा दिला. मार्चमध्ये विधानसभा बरखास्त झाली. नव्या विधानसभेसाठी जून 1975 मध्ये मतदान झाले, तेव्हा आंदोलनात अठराव्या वर्षी उतरलेल्यांची एकविशी भरलेली नव्हती. ज्यांच्या रेट्याने सरकार गेले, त्यांतल्या अनेकांना नवे निवडताच आले नाही.

डिसेंबर 1988 मध्ये, राजीव गांधी पंतप्रधान असताना, संसदेने दुरुस्ती संमत केली. नोव्हेंबर 1989 च्या लोकसभा निवडणुकीत अठरा ते वीस वयोगटाने प्रथमच मतदान केले. त्यात राजीव गांधींचे सरकार गेले. पण बोफोर्स तोफांच्या खरेदीतील लाचखोरीच्या आरोपांनी आधीच हवा तापली असल्याने ते केवळ नवमतदारांमुळे घडले, असे म्हणता येत नाही.

पुढेही एक अडचण उरली. वय 1 जानेवारीला मोजले जाई, त्यामुळे 2 जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला नोंदणीसाठी पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागे. 2022 पासून एप्रिल, जुलै व ऑक्टोबरच्या पहिल्या तारखाही धरल्या जातात. उमेदवारीचे वय मात्र बदललेले नाही: लोकसभा व विधानसभेसाठी 25, राज्यसभेसाठी 30. पंचायतींसाठी 73 व्या घटनादुरुस्तीने ते 21 ठेवले आहे.