दगडावरची नावे आणि गावची स्मशानभूमी

दरवर्षी 31 डिसेंबरच्या रात्री आपल्या विहारासमोरून कोरेगावच्या गाड्या सुटतात. पोरं खिडकीच्या जागेसाठी भांडतात, आयाबाया भाकरी-चटणीची गाठोडी घेऊन बसतात, आणि सकाळी भीमा नदीकाठच्या विजयस्तंभापुढे आपण सारे नतमस्तक होतो. पण स्तंभावर जी नावे कोरलेली आहेत ती थांबून वाचणारे आपल्यात किती? गर्दीत ते जमत नाही, हेही खरे. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत त्या नावांविषयी आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका प्रश्नाविषयी चार शब्द लिहीत आहे. प्रश्न असा की, रणात पडलेल्या ज्या माणसाचे नाव सरकारने दगडावर कोरले, त्याच्या बापाला आणि भावाला आपल्याच गावात मेल्यावर माती द्यायला हक्काची जागा होती का?

कोरेगावची लढाई 1 जानेवारी 1818 ची. कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालची कंपनी सरकारची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली होती. रात्रभर चालून आलेली माणसे, पोटात अन्न नाही, प्यायला पाणी नाही, आणि समोर पेशव्यांची प्रचंड फौज. तरी दिवसभर त्यांनी गाव सोडले नाही. सुमारे 834 जणांपैकी 275 ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. पुढे 26 मार्च 1821 रोजी स्तंभाचा पाया घातला गेला. त्यावर कंपनीच्या 49 मृत सैनिकांची नावे आहेत आणि त्यांतली 22 नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे आपल्या पूर्वजांची आहेत. बाकी नावांत मराठे आहेत, मुसलमान आहेत. एकाच दगडावर, एकाच ओळीत. गावात मात्र हे शक्य नव्हते.

गावात काय होते ते आपल्या आजा-पणजाकडून आपण ऐकलेलेच आहे. गावात कोणी मेले की परगावी सांगावा घेऊन धावायचे महाराने. सरणाची लाकडे वाहायची महाराने. त्याबद्दल मिळायचे काय, तर मढ्यावरचे कापड. आणि त्याच महाराच्या घरी मयत झाली तर त्याचे मढे त्या सरणाच्या जागेवर न्यायचे नाही. ओढ्याच्या पलीकडे, माळावर, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे न्यायचे. दुसऱ्याच्या सरणाला लाकूड द्यायचे आणि स्वतःला सरणाची जागा नाही, असा हा न्याय!

सैन्याने तरी शेवटपर्यंत मान दिला काय? नाही. 1892 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. ज्यांच्या मेलेल्यांची नावे दगडावर, त्यांच्या जिवंत मुलांना पलटणीत जागा नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली केला. हे दोघेही त्या स्तंभाचा इतिहास जाणत होते. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली, गरज सरली आणि 1921 ला मोडली. 1 जानेवारी 1927 रोजी सुभेदार रामजींचे चिरंजीव, परमपूज्य बाबासाहेब, स्वतः कोरेगावला गेले. अखेर 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि सुरुवातीला तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर हाच कोरेगावचा स्तंभ होता. आज या रेजिमेंटमध्ये सर्व जातींचे, सर्व प्रांतांचे जवान असतात. तिचे परमवीरचक्रधारी मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडले.

पूर्वी आघाडीवर पडलेल्या जवानाचे अंत्यसंस्कार बहुधा तिकडेच होत. घरी येई ती तार आणि त्याचे सामान. 1999 च्या कारगिल युद्धापासून तिरंग्यात गुंडाळलेले पार्थिव गावी आणण्याचा प्रघात पडला. बिगूल वाजतो, बंदुकांची सलामी होते, कलेक्टरसाहेब येतात. चांगली गोष्ट आहे. पण जवान गावी आला म्हणजे गावची स्मशानभूमीही आली, आणि तिच्याबरोबर गावची जातही आली.

जून 2016 मध्ये काश्मीरच्या पाम्पोर येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे आठ जवान अतिरेक्यांच्या गोळीबारात ठार झाले. त्यांतला एक उत्तर प्रदेशच्या फिरोजाबाद जिल्ह्यातला, नट या अनुसूचित जातीचा. त्याच्या कुटुंबाने सार्वजनिक जमिनीवर अंत्यसंस्कार करायचे म्हटले, तर गावातल्या सवर्णांनी हरकत घेतली. देशासाठी मेला, हे कबूल. पण जागा देणार नाही. सरकारी अधिकाऱ्यांनी येऊन समजूत घातली तेव्हा कुठे लहानसा तुकडा मिळाला. पार्थिव दारात, आणि बाहेर जागेवरून वाटाघाटी! त्या आईबापाच्या मनाचे काय झाले असेल?

आता कोणी म्हणेल, कायदा नाही काय? आहे ना, भरपूर आहे. भारतीय दंड संहिता 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली. तारीख पाहा, योगायोगाने कोरेगावचीच. तिच्या 297 व्या कलमाने कोणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने स्मशानात घुसणे, प्रेताची विटंबना करणे किंवा अंत्यविधीला जमलेल्या लोकांना त्रास देणे हा गुन्हा ठरवला आणि एक वर्षापर्यंत कैद सांगितली. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिथे हे कलम 301 आहे. पण यात एक मेख आहे. हे कलम जमलेल्यांना त्रास देणाऱ्याला पकडते. ज्याला जमूच दिले नाही, ज्याची तिरडी वेशीवरच अडवली, त्याचे काय?

ते काम संविधानाच्या 17 व्या कलमाने सुरू केले. 1955 च्या अस्पृश्यता कायद्याने, ज्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, सार्वजनिक स्मशानभूमी वापरू न देणे हा गुन्हा झाला. 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा आला, आणि 26 जानेवारी 2016 पासून त्यात दुरुस्ती होऊन स्मशानभूमी इतरांच्या बरोबरीने वापरण्यास अडवणे यालाही सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा ठरली. फिरोजाबादची घटना त्यानंतर पाचच महिन्यांची आहे, हे लक्षात घ्या. आणि आणखी एक. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले ते 1990 साली. म्हणजे 1956 पासून चौतीस वर्षे त्या यादीचे संरक्षण आपल्याला नव्हते.

अमेरिकेतही सैनिकांच्या अंत्ययात्रेचा प्रश्न कायद्यापर्यंत गेला, तो मात्र वेगळ्या वाटेने. इराकमध्ये मेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीजवळ कॅन्ससमधल्या एका चर्चचे लोक फलक घेऊन उभे राहू लागले. देश समलिंगी लोकांना सहन करतो म्हणून देव सैनिकांना मारतो, असे ते म्हणत. 2006 साली तिथल्या संसदेने कायदा करून राष्ट्रीय दफनभूमीच्या ठराविक अंतरात, विधीच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत अशा निदर्शनांना बंदी केली; 2012 मध्ये ती वेळ दोन-दोन तास केली. पण एका मृत सैनिकाच्या बापाने भरलेला दावा 2011 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात 8 विरुद्ध 1 मतांनी फेटाळला गेला, कारण ते लोक सार्वजनिक रस्त्याच्या कडेला, लांब उभे होते आणि बोलणे हा त्यांचा हक्क. प्रथम वाचले तेव्हा मला फार राग आला. मग वाटले, आपल्या मोर्च्यालाही उद्या हाच हक्क लागणार आहे. अंतर राखायला लावा, तोंड बांधू नका, एवढेच कायद्याला करता येते. आपल्याकडचा अडवणारा मात्र रस्त्यापलीकडे उभा राहून बोलत नाही, तो वाट अडवून उभा राहतो. त्याला बोलण्याच्या हक्काची ढाल मिळू शकत नाही.

1 जानेवारी 2018 ला, लढाईला 200 वर्षे झाली त्या दिवशी, अभिवादनाला निघालेल्यांवर कोरेगाव परिसरात दगडफेक झाली, गाड्या जाळल्या. त्या हिंसाचारात एका तरुणाचा जीव गेला. अंत्यविधी दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेला होता, तरी मेलेल्यांना सलाम करणे काहींना सहन झाले नाही. त्यानंतरची गर्दी कमी झाली नाही, उलट वाढली, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

या वर्षी गावाकडे जाल तेव्हा तलाठ्याकडून स्मशानभूमीच्या जागेचा सातबारा मागून घ्या. जमीन कोणाच्या नावावर आहे, सरकारी की खाजगी, जायला रस्ता नोंदलेला आहे की कोणाच्या बांधावरून जावे लागते, एवढे बघा. नोंद नसेल तर ग्रामसभेत अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. मयत दारात असताना हे कागद शोधायला वेळ नसतो.