नाकाबंदीत गाडी थांबवली तर : पोलिसांचे अधिकार किती, आपले हक्क कोणते?

मागच्या पावसाळ्यात आम्ही घरची मंडळी घेऊन भीमाशंकरच्या बाजूला निघालो होतो. पुणे-नाशिक रस्ता सोडून मंचरहून आत वळलो. घोडेगाव मागे पडले आणि डिंभे धरणाच्या अलीकडे नाकाबंदी लागली. "गाडी बाजूला घ्या, लायसन दाखवा." कागद पाहिले, "जा" म्हणाले, दोन मिनिटांत काम झाले. पण मागे बसलेल्या पुतण्याचा चेहरा उतरला होता. थोडे पुढे गेल्यावर त्याने विचारले, "चाचा, आपलं काय चुकलं होतं?"

काहीच चुकले नव्हते. मग काही चुकलेले नसताना पोलीस गाडी थांबवू शकतात का? हा प्रश्न शाळेत पालकही विचारतात. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथली आपली बरीच माणसे टेम्पो, पिकअप आणि मोटारसायकलवर रोजी कमावतात. त्यांच्यासाठी हा रोजचा मामला आहे. म्हणून कायद्यात काय लिहिले आहे ते सोप्या भाषेत इथे मांडत आहोत.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकीचा लेख तिच्याभोवतीच आहे. कागद पाहायला पोलिसांना कारण लागत नाही. कागदाच्या पुढे जायचे असेल, म्हणजे झडती, जप्ती किंवा अटक, तर मात्र कारण लागते आणि त्याची नोंद करावी लागते.

कागद कोण मागू शकतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३०. सार्वजनिक ठिकाणी वर्दीतल्या कुठल्याही पोलिसाने लायसन मागितले तर चालकाने ते दाखवलेच पाहिजे. इथे हुद्द्याची अट नाही, शिपाईही मागू शकतो. अट आहे ती वर्दीची. संशय असलाच पाहिजे, गुन्हा घडलाच पाहिजे, असे या कलमात म्हटलेले नाही. वाहतूक नियंत्रण करणाऱ्या पोलिसाचा इशारा पाळणे कलम ११९ प्रमाणे बंधनकारक आहे. हुकूम मोडला किंवा अडथळा आणला तर कलम १७९ खाली २,००० रुपयांपर्यंत दंड होतो. म्हणून "माझी चूक सांगा, मगच थांबतो" हा वाद रस्त्यावर घालू नये.

सगळ्या देशांत असे नाही. ब्रिटनमध्ये वर्दीतला पोलीस कारण न सांगता कोणतेही वाहन थांबवू शकतो. अमेरिकेत मात्र तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९७९ साली सांगितले की संशय नसताना मनाला येईल ती एकच गाडी वेचून थांबवता येत नाही. आपला कायदा ब्रिटनच्या जवळचा आहे.

कागद घरी राहिले तर?

घाबरू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ प्रमाणे जवळ नसलेले कागद १५ दिवसांत सादर करता येतात. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधले लायसन, आरसी आणि विमा मूळ कागदाइतकेच ग्राह्य आहेत. मात्र व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. डोंगरात रेंज जाते, म्हणून निघण्यापूर्वीच घरी ॲप उघडून कागद डाउनलोड करून ठेवावेत.

लायसन किंवा गाडी ताब्यात घेतली तर?

कलम २०६ प्रमाणे कागद खोटा असल्याचे किंवा चालक समन्स टाळून पळून जाईल असे मानण्यास कारण असेल, तर कागद जप्त करता येतो. काही ठराविक गुन्ह्यांत लायसन निलंबनासाठीही घेतले जाते. लायसन घेतले तर पोच मिळते. ती सांभाळून ठेवा, कारण तोवर तीच तुमच्या लायसनच्या जागी चालते.

गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे. लायसन नसणे, वय कमी असणे, गाडीची नोंदणी नसणे, परमिट नसणे किंवा परमिटची ठराविक अट मोडणे ही कारणे त्यात आहेत. विमा संपला हे कारण या यादीत नाही. त्याला वेगळा दंड आहे. पहिल्या वेळी २,००० रुपये, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. चालत्या मोटारसायकलची किल्ली ओढून घ्यावी, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

दंड भरताना ई-चलान घ्या. चलान नाही, तर पैसे नाहीत. दंड मान्य नसेल तर रस्त्यावर भांडू नका, कोर्टात म्हणणे मांडण्याचा हक्क तुम्हाला आहे.

डिकी उघडा म्हणाले तर?

इथून मामला बदलतो. लायसन पाहणे वेगळे आणि झडती घेणे वेगळे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १८५ प्रमाणे वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर तपास अधिकाऱ्याकडे सबळ कारण हवे आणि ते त्याने लिहून ठेवले पाहिजे. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे. दारू, अमली पदार्थ, हत्यारे यांच्या कायद्यांत झडतीचे वेगळे अधिकार आहेत. स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीच घेऊ शकते, तीही पूर्ण अदबीने. बुरख्यातल्या आपल्या बहिणीची ओळख पटवायची असेल तर महिला पोलिसांसमोर पटवू द्यावी, अशी शांतपणे विनंती करावी.

भीमाशंकरच्या रस्त्यावर आणखी एक कायदा लागतो. मंदिर खेड तालुक्यात असले तरी बहुतेक गाड्या आंबेगावातूनच वर जातात. शेकरूसाठी प्रसिद्ध असलेले हे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ५० प्रमाणे गुन्ह्याचा सबळ संशय असेल तर वनाधिकारी किंवा उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाचा पोलीस गाडी थांबवून तपासू शकतो. म्हणजे इथे खाकीतला माणूस वनखात्याचाही असू शकतो.

पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिबंधात्मक आदेशही निघतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर असे आदेश लागू झाले, त्यांत आपले तालुकेही होते. अशा वेळी धबधब्याकडे जाणारी गाडी परत पाठवली तर राग मानू नये. तो आपल्याच जिवासाठीचा बंदोबस्त असतो.

जनावरांची गाडी आणि बकरी ईद

ईदच्या आधी सगळ्यात जास्त घबराट इथेच असते, म्हणून नीट वाचा. महाराष्ट्र पशुसंवर्धन कायद्यातली दुरुस्ती मार्च २०१५ पासून लागू आहे. बंदी गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर आणि कत्तलीसाठी वाहतुकीवर आहे. बकरे आणि मेंढ्या तिच्यात येत नाहीत. या कायद्याच्या कलम ८ खाली गाडी थांबवून झडती घेण्याचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलिसाला आणि शासनाने नेमलेल्या व्यक्तीला आहे. ६ मे २०१६ रोजी मुंबई हायकोर्टाने बंदी कायम ठेवली. पण निर्दोष असल्याचे आरोपीनेच सिद्ध करावे, हे कलम मात्र रद्द केले.

चाकण किंवा बेल्ह्याच्या बाजारातून जनावर आणताना बाजाराची पावती गाडीत ठेवा. वाहतुकीचे नियम बकऱ्यांनाही लागू आहेत, गाडीत कोंबून भरू नका.

रस्त्यात खासगी टोळक्याने गाडी अडवली तर? कागद तपासण्याचा किंवा झडती घेण्याचा अधिकार त्यांना नाही. कायदा हातात घेणाऱ्या जमावाविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमावा, असा आदेश सुप्रीम कोर्टाने १७ जुलै २०१८ रोजी दिला आहे. अशा वेळी खाली उतरून हुज्जत घालू नका. काचा बंद करा, ११२ वर फोन करा, ठिकाण सांगा. जमले तर वर्दळीच्या जागी किंवा थेट पोलीस ठाण्यात गाडी न्या.

आपल्याच घरातली चूक

हक्कांबरोबर थोडे घरातलेही बोलू. नववी-दहावीची मुले क्लासला मोटारसायकल घेऊन येतात, हे आम्ही रोज पाहतो. ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीसाठी १६ आणि बाकी मोटारसायकलींसाठी १८ वर्षे वय लागते. मुलगा पकडला गेला तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. पोराच्या हौसेपायी अख्खे घर अडकते.

हेल्मेटची सूट फक्त पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना आहे. टोपी, स्कार्फ किंवा बुरखा हेल्मेटच्या जागी चालत नाही. जुम्म्याला मस्जिद जवळ असली तरी नियम तोच. हेल्मेट नसणे आणि ट्रिपल सीट, दोन्हींना कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबन आहे. कोर्टाबाहेर मिटवण्याची रक्कम राज्य सरकार ठरवते, त्यामुळे चलानवरचा आकडा वेगळा असू शकतो.

अटक झाली तर

कारण सांगणे बंधनकारक आहे. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने होतो आणि तुमच्या माणसाला कळवावे लागते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर केलेच पाहिजे. राज्यघटनेचे कलम २२ हेच सांगते. कोठडीतल्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. गैरवर्तन झाले तर तारीख, वेळ, जागा आणि नावाच्या पट्टीवरचे नाव लिहून ठेवा. त्यावरून पोलीस अधीक्षकांकडे किंवा पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करा.

पुतण्याला आम्ही एवढेच सांगितले, "बेटा, थांबवलं म्हणजे गुन्हेगार ठरवलं असं नाही. कागद नीट ठेव, आवाज खाली ठेव, आणि आपला हक्क कुठून सुरू होतो ते लक्षात ठेव." परतीच्या वाटेवर पुन्हा नाकाबंदी लागली. या वेळी आम्ही सांगायच्या आत मोबाइलवर डिजिलॉकर उघडून त्यानेच पुढे केला.