श्रीवर्धन कीं पुणें?

श्रीवर्धन म्हटलें म्हणजे आज शहरांतील मंडळींस रोठा सुपारीच्या बागा, माडांची सावली, लांबच लांब पुळण आणि सुटीचे चार दिवस आठवतात. पुणें म्हटलें म्हणजे शाळा, कचेऱ्या आणि बाराही महिने राहतें घर. एक गांव हवा पालटण्याचें व दुसरें संसार थाटण्याचें, ही विभागणी इतकी अंगवळणीं पडली आहे कीं ती केव्हां झाली व कशामुळें झाली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. एका घराण्यापुरतें तरी ह्या प्रश्नाचें उत्तर सालवार देतां येतें. तें घराणें श्रीवर्धनकर भटांचें, म्हणजेच पेशव्यांचें.

भटांकडे श्रीवर्धनची देशमुखी वंशपरंपरेनें चालत आली होती. गांव बंदराचें, बागाईत चांगली, आणि कुलदैवत हरिहरेश्वर तेथून जवळच. असें गांव सोडून घाट चढण्याचें कारण जमिनींत नव्हतें, पाण्यांत होतें. हा सारा किनारा जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखालीं होता. कान्होजी आंग्रे यांचें आरमार जसजसें बळावूं लागलें, तसतसा ह्या पट्टींतील प्रत्येक वतनदार सिद्दीच्या संशयास पात्र होऊं लागला. बाळाजी विश्वनाथ यांच्यावरही तो संशय आला. त्यांचे बंधु जानोजी यांस सिद्दीनें पोत्यांत घालून समुद्रांत बुडविलें, अशी हकीकत परंपरेनें सांगतात. बाळाजीपंत बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळासला भानूंच्या आश्रयास गेले आणि पुढें भानू बंधूंना बरोबर घेऊन घाटावर आले. ह्याच भानूंच्या घरांत पुढें पेशव्यांची फडणिशी गेली व नाना फडणवीस जन्मास आले. पराक्रमाच्या ओढीनें कोंकणांतील कर्तीं माणसें देशावर चढलीं, असें वर्णन करण्याची पद्धत आहे. बाळाजीपंतांना तें फारसें लागू पडत नाहीं. ते प्रथम निघाले ते जीव वांचविण्यासाठीं. पराक्रम मागाहून आला.

देशावर त्यांनीं धनाजी जाधवांच्या पदरीं वसुलाचें काम केलें, शाहू महाराजांचा पक्ष धरला, आणि १७१३ सालीं त्यांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. पुढल्याच वर्षीं त्यांनीं ताराबाईंच्या पक्षांत असलेल्या कान्होजी आंग्र्यांस शाहू महाराजांकडे वळविलें. किनाऱ्यावरच्या माणसाचें मन ओळखण्यास किनाऱ्यावर वाढलेला मुत्सद्दी कामीं आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तरीही श्रीवर्धन सिद्दीकडेच राहिलें. राज्याचा पेशवा झालेल्या पुरुषास स्वतःच्या गांवीं निर्धास्तपणें राहण्याची सोय नव्हती! त्यांचें बिऱ्हाड पुरंदराच्या परिसरांत, कऱ्हेच्या कांठीं सासवडला, स्नेही पुरंदऱ्यांच्या आधारानें पडलें, आणि १७२० सालीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें.

त्यांचे चिरंजीव बाजीराव यांची गोष्ट निराळी होती. त्यांचा जन्म १७०० सालचा, सिन्नरजवळील डुबेरें येथें, बर्वे यांच्या घरीं म्हणजे आजोळीं झालेला. लाटांचा आवाज ऐकत ते वाढले नाहींत, त्यामुळें समुद्राची ओढ त्यांना वडिलांइतकी असणें शक्य नव्हतें. त्यांच्यापुढें प्रश्न होता तो वेगळाच: छत्रपतींच्या सावलींत साताऱ्यास राहावें, सासवडलाच वाडा वाढवावा, कीं आणखी एखादें ठिकाण पाहावें? साताऱ्यास दरबारच्या प्रतिस्पर्ध्यांचा रोजचा शेजार. सासवडला भोंवतीं डोंगर. पुणें मुळामुठेच्या कांठीं सपाटीवर वसलेलें, भोसल्यांच्या जुन्या जहागिरीचें व शिवाजी महाराजांच्या बाळपणाचें गांव. तेथून बोरघाटानें कोंकणांत उतरतां येई आणि जुन्नरवरून खानदेश व माळवा यांचा रस्ता धरतां येई. सातारा तेथून हुकूम आणण्याइतका जवळ आणि रोजच्या कटकटींतून सुटण्याइतका दूर होता. १७२८ च्या फेब्रुवारींत पालखेड येथें निजामास नमविलें, आणि त्याच वर्षीं बाजीरावांनीं बिऱ्हाड सासवडहून पुण्यास हलविलें. सशानें कुत्र्याचा पाठलाग केला म्हणून शनिवारवाड्याची जागा ठरली, ही आख्यायिका मुलांना सांगण्यास छान आहे. पण अशीच गोष्ट हिंदुस्थानांतील आणखी किती तरी शहरांविषयीं सांगतात. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति झाली. खर्च १६,११० रुपये आला. तोंपर्यंत मात्र घराण्याचा मुक्काम जणूं तात्पुरताच होता. दगडी पाया भरल्यावर परतीची भाषा संपली.

ह्याच सुमारास किनारा सोडणारे पेशवे एकटेच नव्हते. चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवस्थानावर १७२७ सालीं सिद्दी सातानें हल्ला केला. तेथें राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी, पेशव्यांचे गुरु व सावकार, रागानें कोंकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीस येऊन राहिले आणि सिद्दीच्या पारिपत्याचा तगादा त्यांनीं सर्वांमागें लावला. १७३३ सालीं मोहीम निघाली. रायगड हातीं आला, पण तो प्रतिनिधींनीं घेतला कीं पेशव्यांनीं घ्यावयाचा होता, ह्यावरून सरदारांत तेढ पडली. तशांत सेखोजी आंग्रे वारले व आंग्र्यांच्या भाऊबंदांत कलह माजला. बाजीराव तह करून परत फिरले. १७३६ सालीं चिमाजी अप्पांनीं सिद्दी सातास रेवसच्या बाजूस लढाईंत ठार केलें, आणि १७३९ सालीं पोर्तुगीजांकडून वसई घेतली. परंतु जंजिरा पडला नाहीं. अटकेपार झेंडे लावणाऱ्या घराण्याचें मूळ गांव जंजिरा संस्थानांतच राहिलें, आणि तें संस्थान १९४८ सालीं विलीन होईपर्यंत तेथेंच होतें.

इकडे पुणें वाढत गेलें. १७४९ सालीं शाहू महाराज निवर्तल्यावर राज्याचा कारभार उघडपणें पुण्याहून चालूं लागला. कोंकणांतील घराण्यांची घाटावर रीघ लागली. रत्नागिरीकडील कोतवड्याच्या पटवर्धनांचीं तर पुढें कृष्णेच्या खोऱ्यांत संस्थानें झालीं. सदाशिव व नारायण ह्या पेठांना पेशव्यांच्या घरांतील पुरुषांचींच नांवें मिळालीं. कोंकणी माणसास देशावर सर्वांत जाचते ती पाण्याची टंचाई. नानासाहेबांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी बांधीव नळांतून शहरांत आणून हौदांत खेळविण्यांत आलें, तेव्हां ती अडचण पुष्कळ दूर झाली. अमुक गांव राहण्याचें ठरलें, हें वाड्याच्या शिरोभागापेक्षां अशा हौदांवरून अधिक कळतें. नाना फडणविसांनीं आपला प्रसिद्ध वाडा बांधला, तोही वाईजवळ मेणवलीस, कृष्णाकांठीं. किनाऱ्याकडे उरला तो देवदर्शनाचा, नातेसंबंधांचा आणि आंब्या-सुपारीचा संबंध.

ह्या निवडीची किंमत पडली ती आरमाराला. तुळाजी आंग्रे जुमानीत नाहींत म्हणून नानासाहेबांनीं इंग्रजांची मदत घेतली, आणि १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाखालीं आंग्र्यांचें आरमार वॉटसन व क्लाइव्ह यांनीं जाळून टाकलें. ह्याचा दोष एकट्या नानासाहेबांच्या रागास देणें सोपें आहे. पण ज्यांचें सारें लक्ष माळव्याच्या खंडणीवर व दिल्लीच्या पत्रांवर, त्यांना समुद्र हें कोणा एका हट्टी सरदाराचें प्रकरण वाटावें, ह्यांत नवल नाहीं. बाळाजीपंतांनीं आंग्र्यांस समजावून घेतलें होतें. त्यांचा नातू घाटावरच वाढला होता.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरांनीं हडपसराजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा मोड केला, तेव्हां दुसऱ्या बाजीरावांस पुणें सोडावें लागलें. सिंहगड, रायगड, महाड असा मार्ग काढीत ते कोंकणांत उतरले व सुवर्णदुर्गास पोंचले. तेथून पुढें जाण्यास स्वतःचें समर्थ असें आरमार नव्हतें. इंग्रजांच्या आश्रयानें ते समुद्रमार्गानें वसईस गेले. सुवर्णदुर्गाहून उत्तरेस जातांना श्रीवर्धनचा किनारा उजव्या हातास लागतो. तो तेव्हांही सिद्दीचाच होता. ३१ डिसेंबर रोजीं वसईस तह झाला, आणि पुढल्या मे महिन्यांत पेशवे इंग्रज पलटणींच्या सोबतीनें पुण्यास परत आले.