हळदीचा गुण आणि त्याचें माप

हळदीचें पीक सुमारें नऊ महिन्यांचें. मृगाच्या सुमारास लावलेली हळद माघ-फाल्गुनांत खणून काढावयाची. मग कंद शिजवावयाचे, उन्हांत वाळवावयाचे आणि घांसून झळकवावयाचे. हिंगोली जिल्ह्यांत, विशेषतः वसमतच्या परिसरांत, हा क्रम घरोघरचा आहे. 1 मे 1999 रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्रांतील हळदीचें एक प्रमुख आगर असून ‘वसमत हळदी’स 2024 मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु बाजारांतून येणाऱ्या हळकुंडाबरोबर एक समजूतही घरांत येते : हळदीनें सांध्यांची सूज उतरते. ही समजूत कितपत खरी, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

तिचें मूळ अतिप्राचीन असावें, असें कोणासही वाटेल. चरकसंहितेंत मात्र निराळें दिसतें. तेथें हरिद्रेची गणना लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न या गणांत आहे. वेदना शमविणाऱ्या किंवा सूज हटविणाऱ्या द्रव्यांच्या गणांत तिचें नांव नाहीं. मुका मार लागल्यावर आजीबाई लेप देत, तो बहुधा आंबेहळदीचा; आणि ती वनस्पतीच वेगळी. सांधेदुखीवरील औषध म्हणून हळदीचें आज जें नांव झालें आहे, त्यांत प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे.

हळदीचें पिवळें द्रव्य 1815 सालीं फ्रान्समध्यें फोगेल आणि पेल्तिए यांनीं वेगळें काढलें, तेंच कुर्क्युमिन. त्याची रासायनिक घडण उलगडण्यास 1910 साल उजाडावें लागलें. सुजेवरील त्याच्या गुणाचा पद्धतशीर अभ्यास लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेंतील श्रीमल व धवन यांनीं 1973 मध्यें प्रसिद्ध केला. पुढें 1980 मध्यें देवधर, सेठी व श्रीमल यांनीं संधिवाताच्या 18 रोग्यांवर केलेली चांचणी प्रसिद्ध झाली. रोज 1200 मिलिग्रॅम कुर्क्युमिन आणि त्या काळीं रूढ असलेलें फेनिलब्युटाझोन हें औषध यांची तींत तुलना होती. सकाळचा ताठरपणा, चालण्याची शक्ति व सांध्यांची सूज यांत सुधारणा दिसली. परंतु 18 रोग्यांच्या अल्पकालीन चांचणीवरून निर्णय देतां येत नाहीं. तिनें फक्त पुढची वाट दाखविली.

त्या वाटेवर पहिली अडचण मापाची. हळदींत कुर्क्युमिन शेंकडा तीनच्या आसपास असतें. तेव्हां 1200 मिलिग्रॅम मिळविण्यास रोज सुमारें 40 ग्रॅम हळद लागेल. वरणाभाजींतील चिमूटभर हळद त्या मानानें कांहींच नव्हे. दुसरी अडचण अशी कीं, पोटांत गेलेलें कुर्क्युमिन रक्तांत फारच थोडें उतरतें. मिऱ्यांतील पायपेरीन सोबत दिल्यास हें प्रमाण माणसांत वीसपट वाढतें, असें बंगलोरच्या संशोधकांस 1998 मध्यें आढळलें. मात्र तेंच पायपेरीन इतर औषधांचेंही रक्तांतील प्रमाण वाढवूं शकतें.

2014 मध्यें थायलंडांत गुडघ्यांच्या झिजेचे 367 रोगी घेऊन चार आठवडे चांचणी झाली. त्यांत हळदीचा अर्क आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरला आणि पोटाचा त्रास कमी झाला. हा निकाल उत्साह देणारा खरा. परंतु तो अर्काचा आहे, स्वयंपाकांतील हळदीचा नव्हे. शिवाय गुडघ्याची झीज हा एक रोग आणि संधिवात, ज्यांत शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांवर उलटते, तो दुसरा. एकावरील गुण दुसऱ्यावर गृहीत धरतां येत नाहीं.

हा भेद केवळ पुस्तकी नाहीं. संधिवातांत योग्य औषध लौकर सुरू न झाल्यास हाडें झिजतात, बोटें वांकडीं होतात, आणि तें व्यंग पुन्हां भरून येत नाहीं. हळदीच्या भरंवशावर वैद्यकीय उपचार सोडणारा रोगी हे मोलाचे महिने गमावतो. तीव्र अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या कांहीं जणांस यकृताचा विकार जडल्याच्या नोंदीही अलीकडे झाल्या आहेत. रक्त पातळ करण्याचें औषध चालूं असणारांनीं तर डॉक्टरांस विचारल्यावांचून त्या घेऊंच नयेत.

2022 मध्यें राज्य शासनानें वसमत येथें हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर केलें. शेतकऱ्याच्या कष्टांस त्यामुळें अधिक मोल येवो. हळदींत गुण आहे, हें दोन शतकांच्या शोधानें दाखविलें. तो किती, कोणत्या रोगावर आणि कोणत्या मापानें, हेंही त्याच शोधाला विचारावयाचें आहे. तोंपर्यंत हळद फोडणींत खुशाल असावी, पण रोग्याचें औषध तिच्यासाठीं बंद होऊं नये.