कुरणशाळा
गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट चराऊ रानात भरवलेली शाळा. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी डहाणू तालुक्यातील (आता पालघर जिल्हा) कोसबाड येथे हा प्रयोग केला. बोर्डी गावात १९४५ मध्ये सुरू झालेले त्यांचे बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आले.

वारली पाड्यांवर पोर जरा मोठे झाले की गुरांमागे जाई आणि मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येई. शाळा फुकट असली तरी मुले तिकडे गेल्याने होणारा कामाचा खोळंबा कुटुंबाला परवडणारा नव्हता. म्हणून शिक्षकच रानात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली अक्षरओळख, गाणी, गोष्टी चालत. मोजायला खडे आणि बिया. एखादी गाय शेतात घुसली की धडा अर्धवट टाकून पोर उठे, आणि त्याबद्दल कोणी रागावत नसे. भावंडांसाठी पाळणाघर व बालवाडी शाळेलाच जोडल्याने मुलींची वाट मोकळी झाली. पाड्यावरच भरणारी अंगणवाडीही याच कामातली. तिथे मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हाही अभ्यासक्रमच होता. सरकारी हजेरीपटाच्या चौकटीत मात्र असली शाळा बसवणे अवघडच.