'इ. स.' ही दोन अक्षरे

इंग्रजीतली 'ए. डी.' ही अक्षरे म्हणजे 'आफ्टर डेथ', मृत्यूनंतर, असे आम्ही शाळेत समजत होतो. पण तसे धरले तर येशूच्या हयातीतली तीसेक वर्षे कोणत्याच सनात बसत नाहीत! मूळ शब्द लॅटिन आहेत : 'आनो डोमिनी', म्हणजे प्रभूच्या वर्षी.

ही गणना मांडली ती रोममधल्या डायोनिसियस नावाच्या मठवासीयाने, ५२५ मध्ये. तो ईस्टरची कोष्टके करीत होता. ती तोवर सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून मोजीत, आणि हा सम्राट तर ख्रिस्त्यांचा छळ करणारा. त्याचे नाव पुढे कशाला चालवायचे, म्हणून डायोनिसियसने ख्रिस्तजन्मापासून वर्षे धरली. हिशेब मात्र थोडा चुकला. ख्रिस्त त्याहून काही वर्षे आधी जन्मला असावा, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. शून्य हे वर्षही त्यात नाही. पुढे ७३१ मध्ये इंग्लंडच्या बीडने आपल्या इतिहासात हीच गणना वापरली आणि ती रूढ झाली.

आपण तिला 'इसवी' म्हणतो, तो शब्द ईसा या अरबी नावावरून आला. आकड्याआधी 'इ. स.' लिहिण्याची आपली रीत जुन्या लॅटिन रीतीशी जुळते, ही एक गंमतच. अलीकडे इंग्रजीत पुष्कळ लेखक 'सी. ई.', म्हणजे सर्वसामान्य युग, असे लिहितात. वर्षाचा आकडा तोच राहतो.

खरी अडचण शकाचा सन करताना येते. शकात ७८ मिळवावे, हे सर्वांना पाठ असते. पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे विसरते. जेधे शकावलीत शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा आहे. नुसते ७८ मिळवले तर १६२९ येते. खरी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. तीही जुन्या ज्युलियन पंचांगाची. ग्रेगोरियनप्रमाणे १ मार्च.

हे केवळ पंडितांचे भांडण नव्हे. आपल्या वडशात आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या पत्रिकेत माघ, शके १८६० असे होते. शाळेत नाव घालताना कोणीतरी ७८ मिळवून १९३८ लिहिले. जन्म १९३९ चा. दाखल्यावरचे ते वर्ष नोकरीभर चालले आणि गृहस्थ एक वर्ष आधी घरी बसले. पत्रिका दाखवून पाहिली, पण कचेरीत दाखलाच ग्राह्य!

आपल्या झाडीपट्टीची नाटके रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपतात. इंग्रजी हिशेबाने तारीख मध्यरात्रीच पालटते, म्हणून फलकावर एक आणि शेवटच्या अंकाला दुसरी. पंचांगाचा वार मात्र सूर्योदयाला पालटतो. त्या हिशेबाने आपले प्रेक्षक सारे नाटक एकाच दिवशी पाहतात.